हिवाळ्याचा उभा छेद : एका चित्रफलकाच्या कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर

कामाचं स्वरूप आज नक्की झालं. प्रदर्शनासाठी एकच मोठा उभा फलक करायचा. त्यात कडाक्याच्या हिवाळ्यातलं एक उत्तरेकडचं जंगल असेल, तळ्याच्या तळापासून झाडाच्या शेंड्यापर्यंत सरळ कापून दाखवलेलं. मूळ आराखड्यात प्राणी, पक्षी आणि झाडं असे तीन वेगळे फलक होते. ते मी रद्द करायला लावले. थंडीत ही तिघं एकमेकांच्या आधारानं जगतात. वेगळ्या चौकटींत टाकली की पाइनचं बी एका फलकावर, ते पुरून ठेवणारा पक्षी दुसऱ्यावर आणि दोघांवर पडणारं हिम कुठेच नाही, अशी गत होते. उभ्या छेदात जो जिथे हिवाळा काढतो, तिथेच तो दिसेल.

चित्रकार मैत्रिणीला सगळ्यात आधी हे सांगितलं की हिम पडलं की हिवाळा सुरू, असं धरून चालायचं नाही. झाडांचा हिवाळा पानं हिरवी असतानाच सुरू होतो. रात्र ठरावीक लांबीची झाली की उत्तरेकडची झाडं शेंड्याची वाढ थांबवतात आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या खवल्यांत बंद करतात, मग हवा अजून उबदार का असेना. हवामान एखाद्या वर्षी चकवतं, रात्रीची लांबी कधीच चकवत नाही. पुढच्या आठवड्यांत पानांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस फांद्यांत, खोडात, मुळांत परत ओढून घेतला जातो, देठाशी एक थर तयार होतो आणि मग पान सुटतं. गळून पडणारं पान झाडानं आधीच बरंचसं रिकामं केलेलं असतं.

म्हणून फलकात काळ डावीकडून उजवीकडे सरकेल. डाव्या कडेला शरद, उजव्या कडेला हिवाळ्याची अखेर.

२१ सप्टेंबर

काही ठिकाणी मोठी केलेली वर्तुळं घ्यायची आहेत. पहिलं वर्तुळ झाडाच्या पेशीचं.

उणे ३० अंशांत उभ्या असलेल्या झाडाला अंग गरम ठेवता येत नाही, हलता येत नाही, बिळात शिरता येत नाही. हवा जितकी गार, तितकंच ते गार. तरी त्याच्या पेशी फुटत नाहीत, कारण झाड बर्फ होऊ देतं, पण पेशींच्या बाहेर. पेशींमधल्या पोकळ्यांत पाणी आधी गोठतं. तो बर्फ पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर ओढून घेतो आणि पेशी आक्रसत जाते. आत राहतो तो साखरेनं आणि विशिष्ट प्रथिनांनी दाट झालेला द्रव, आणि तो सहजी गोठत नाही. थंडी आणखी वाढली तर तो स्फटिक न होताच घट्ट होतो. पेशीपटलातली मेदद्रव्यंही शरदातच बदलून ठेवलेली असतात, त्यामुळे ते पटल गारठ्यात ताठरत नाही.

हे कुठवर ताणता येतं? जपानी संशोधक अकिरा साकाई यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही वृक्षांच्या हिवाळी डहाळ्या आधी हळूहळू गोठवून मग द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या, आणि त्या जगल्या. इतकी थंडी पृथ्वीवर कुठेच पडत नाही. तशाच झाडाची डहाळी ऐन उन्हाळ्यात मात्र शून्याच्या खाली काही अंश जाताच मरते. फलकावर हा फरक मला सर्वांत ठळक हवा आहे. थंडी सोसायची ताकद झाडाला दरवर्षी नव्यानं कमवावी लागते आणि त्यासाठी त्याला पायरीपायरीनं उतरणारा शरद मिळावा लागतो. आधी लांब होणाऱ्या रात्री, मग हलकी हिमदंव, मग कडक थंडी. हा क्रम बिघडला तर तेच झाड सौम्य थंडीलाही बळी पडतं.

ओक आणि मेपलची रीत निराळी. त्यांच्या लाकडातल्या जिवंत पेशींत पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहतं. पण उणे ४० अंशांच्या आसपास ही युक्ती संपते, कारण तिथे पाणी कशाचाही आधार न घेता आपोआप गोठतं. त्यापलीकडच्या थंडीत भूर्ज, ॲस्पेन, लार्च, स्प्रूस यांचंच राज्य. आपलं जंगल तिकडचं, म्हणून ओक काढायचा नाही.

५ ऑक्टोबर

लाकडाचं काम थोडक्यात. खोडातलं पाणी गोठलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. वितळताना हे बुडबुडे फुगले तर पाण्याचा वर जाणारा स्तंभ तुटतो. सूचिपर्णी झाडांच्या जलवाहिन्या इतक्या अरुंद असतात की बुडबुडा लहान राहतो आणि पुन्हा विरघळून जातो. भूर्जाला मात्र वसंतात मुळांकडून दाब देऊन वाहिन्या पुन्हा भराव्या लागतात.

चित्रासाठी सूचना: स्प्रूसच्या फांद्या खाली झुकलेल्या, शेंडा निमुळता, हिम साचून घसरतंय असं. दाट फांद्यांखाली खोडाभोवती हिमाचा थर पातळ दाखवायचा. लार्च सूचिपर्णी असूनही निष्पर्णच काढायचा, तो सुया गाळतो.

१९ ऑक्टोबर

डाव्या कडेचा मजकूर, अर्थात साठेबाजांचा. इथे हात आवरता घ्यावा लागला, नाहीतर अर्धा फलक यांनीच व्यापला असता.

मुख्य जागा नटक्रॅकरला दिली. कावळ्याच्या कुळातला हा पक्षी जिभेखालच्या पिशवीत पाइनच्या बिया भरतो आणि डोंगरउतारावर थोड्या-थोड्या करून पुरतो. एका हंगामात एक पक्षी हजारो जागी मिळून काही दशसहस्र बिया ठेवतो आणि महिन्यांनंतर, वर हिम असतानाही, खुणेचे दगड-ओंडके पाहून त्या काढतो. ज्या राहून जातात त्यांतून पाइन उगवतात. व्हाइटबार्क पाइनचं बी तर वाऱ्यानं उडतच नाही. त्याची शंकू-फळं आपणहून नीट उघडत नाहीत, त्याची लागवड मुख्यतः हाच पक्षी करतो.

दुसरी जागा बीव्हरला, पाण्यात राहून झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याला. तळं गोठण्याआधी तो घराजवळ तळाशी फांद्या रोवून ठेवतो. पुढे बर्फाखालून पोहत जाऊन त्याच साली खातो. त्याला सगळा हिवाळा बर्फाच्या वर यावं लागत नाही.

तिसरा कॅनडा जे. हा मांस, कीटक, बेऱ्या, कवकं असलं नाशवंत अन्न चिकट लाळेनं सालीच्या फटींत चिकटवून ठेवतो आणि थंडी ते टिकवते. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या अल्गॉनक्विन उद्यानात या पक्ष्यांचा अनेक दशकं अभ्यास चालू आहे. तिथली संख्या घटली, आणि शरद उबदार गेला की पुढच्या विणीत पिल्लं कमी निघतात, असा निष्कर्ष २००६ साली मांडला गेला. साठा नासतो, हे त्याचं संभाव्य कारण. हे वाचून मी फलकाच्या मधोमधच्या मथळ्याचा फेरविचार सुरू केला. ‘थंडीशी झुंज’ असा मथळा ठरला होता. या पक्ष्याला थंडी हवी आहे.

२ नोव्हेंबर

हिमाचा थर. सगळ्या फलकातला माझा सर्वांत आवडता भाग, आणि सर्वांत अवघडही, कारण दिसायला तो नुसता पांढरा पट्टा.

मैत्रीण म्हणाली, “अगं, एवढी रुंद पट्टी कोरीच ठेवायची का?” तिला हिमाची कहाणी खालून वर सांगितली.

ताज्या हिमात बहुतांश हवाच असते. ती हवा अडकून पडते, म्हणून हिम उष्णता अडवतं. थर साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा झाला की वरची थंडी जमिनीपर्यंत पोचेनाशी होते. वर हवा उणे ३० असो की उणे ४०, खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या थोडंच खाली रेंगाळतं. जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. तिच्यामुळे तळाच्या हिमाची वाफ होते, ती वर चढते आणि वरच्या गार थरात पुन्हा जमते. असं होत होत तळाचं हिम विरळ, ठिसूळ, मोठ्या पैलूदार स्फटिकांचं होतं आणि जमीन व हिम यांच्यामध्ये एक बुटकी पोकळी तयार होते. तिथे वारा नाही, ओलावा टिकतो आणि दिवसाही निळसर मंद उजेड झिरपतो.

व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर सगळा हिवाळा या पोकळीत काढतात. बोगदे, गवताची घरटी, साली कुरतडायच्या जागा असं सगळं तिथे असतं. थंडी फार झाली की एकाच घरट्यात अनेक जण एकत्र दाटीनं झोपतात, एरवी एकमेकांना हुसकावणारेसुद्धा. त्यांच्यामागे तिथेच शिरतो वीझल, लांब आणि सडपातळ, त्यांच्याच बोगद्यांत मावणारा. वरून ऐकत असतं मोठं राखाडी घुबड. अर्धा मीटर हिमाखालची व्होलची हालचाल ते चेहऱ्याच्या रुंद तबकडीनं टिपतं आणि पाय पुढे करून हिमात घुसतं.

मग त्या पट्टीत तिनं खालचा तळ निळसर केला, स्फटिक वेगळे काढले, वरचे थर बारीक रेघांनी दाखवले. आता पट्टी वाचता येते. घुबडाच्या उडीची खूण, म्हणजे हिमावर उमटलेले दोन्ही पंखांचे ठसे, तिनं स्वतःहून घातली.

मजकुरात ‘हिम म्हणजे पांघरूण’ हे शब्द ठेवले. सरांनी मजकूर तपासताना त्यापुढे एक ओळ लिहायला सांगितली: पांघरूण दाबलं गेलं की त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. माणसांनी, यंत्रांनी तुडवलेल्या हिमाखाली जमीन खोलवर गोठते. ती ओळ घेतली.

१६ नोव्हेंबर

पालापाचोळ्यातला बेडूक. हे दुसरं मोठं वर्तुळ.

वुड फ्रॉग खोल बीळ करत नाही. वनातल्या पाचोळ्याखाली, जमिनीच्या वरच्या थरातच बसतो, आणि गोठतो. १९८२ साली विल्यम श्मिड यांनी या बेडकाचं आणि आणखी दोन जातींचं गोठून पुन्हा जिवंत होणं शास्त्रीय जगापुढे मांडलं. त्यानंतर यावर भरपूर काम झालं आहे.

हे घडतं असं. बोटांपाशी त्वचेवर बर्फाचा पहिला कण धरला की काही मिनिटांत यकृतातल्या साठ्याची साखर होऊ लागते. हृदय अजून चालू असतं, ते ती साखर शरीरभर नेतं. बर्फ त्वचेखाली, स्नायूंच्या मध्ये, पोटाच्या पोकळीत वाढतो. पेशींच्या आत मात्र दाट साखरपाणी असतं आणि तिथे बर्फ शिरत नाही. शरीरातल्या पाण्यापैकी सुमारे दोन तृतीयांश पाण्याचा बर्फ होतो. श्वास थांबतो, मग हृदय थांबतं, मेंदूत विद्युत हालचाल उरत नाही. डोळे पांढरट, अंग कडक. अलास्कातले असे बेडूक उणे १६ अंशांपर्यंत गोठूनही जगलेले आहेत, आणि महिनोन्‌महिने. वसंतात आधी हृदयाचे ठोके सुरू होतात, मग श्वास, सगळ्यात शेवटी पाय हलतात. लगेच तो डबक्याकडे निघतो, कारण वितळलेल्या पाण्यातली डबकी लवकर आटतात आणि अंडी त्याआधी घालायची असतात.

झाडाच्या पेशीचं वर्तुळ आणि हे वर्तुळ एकाच आकाराचं, एकाच रंगात करायचं ठरलं. बर्फ बाहेर, साखर आत. एकमेकांपासून इतके दूर असलेले दोन जीव एकाच उत्तरावर पोचले आहेत, हे न लिहिताही बघणाऱ्याला कळेल.

बेडकावरही हिम दाखवायचं. उघड्यावर तो उणे ४० सोसू शकत नाही. वरचा थर त्याला त्याच्या मर्यादेत ठेवतो.

३० नोव्हेंबर

झोपणाऱ्यांचा कोपरा. लोकांना हाच भाग सर्वांत माहितीचा वाटतो, म्हणून नेमक्या गोष्टी निवडल्या.

आर्क्टिक खार वर्षातले सात-आठ महिने बिळात असते. १९८९ साली ब्रायन बार्न्स यांनी नोंदवलं की तिच्या शरीराचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरतं, तरी रक्त गोठत नाही. कुठल्याही सस्तन प्राण्याचं याहून कमी तापमान तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. पण मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. दर दोन-तीन आठवड्यांनी ती जागी होते. कंप सुटतो, पाठीवरची तपकिरी चरबी जळते, अंग नेहमीइतकं गरम होतं आणि दिवसभराच्या आत ती पुन्हा गार पडते. हिवाळ्यात खर्च होणाऱ्या चरबीचा मोठा वाटा या अधूनमधून होणाऱ्या जागरणांतच जातो.

हे लक्षात घेतलं की वटवाघळांचं दुखणं कळतं. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं प्रथम दिसली. ती बुरशी गारव्यातच वाढते आणि झोपलेल्या वटवाघळाच्या त्वचेत उतरते. त्यामुळे ती वारंवार जागी होतात, चरबी वसंताआधीच संपते आणि उपासमारीनं मरतात. उत्तर अमेरिकेत आजवर लाखो वटवाघळं अशी गेली. गुहेत शिरलेला माणूस नुसत्या दिव्यानं आणि आवाजानंही त्यांना जागं करतो, म्हणून हिवाळ्यात अशा गुहा बंद ठेवतात. ही सूचना फलकावर ठळक टाईपात.

अस्वल वेगळं. त्याचं तापमान फार उतरत नाही. अलास्कातल्या काळ्या अस्वलांवरच्या २०११ सालच्या अभ्यासात ते ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राहिलं, पण शरीराचा खर्च मात्र नेहमीच्या चौथाईवर आला. महिनोन्‌महिने खाणं नाही, पिणं नाही, मलमूत्र नाही. युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांत वळवला जातो, त्यामुळे स्नायू फारसे झिजत नाहीत. मादी याच काळात, ऐन हिवाळ्यात, गुहेत पिल्लं देते आणि त्यांना दूध पाजते, तेही स्वतः काही न खाता. मैत्रिणीनं पिल्लं मोठी काढली होती. जन्मतः ती अर्ध्या किलोहूनही कमी असतात. लहान करून घेतली.

पक्ष्यांत महिनोन्‌महिने झोपणारा एकच माहीत आहे, रातव्याच्या कुळातला पुअरविल. १९४६ च्या डिसेंबरात एडमंड येगर यांना तो कॅलिफोर्नियातल्या खडकाच्या खाचेत सापडला. तो वाळवंटी डोंगरातला, आपल्या जंगलात बसत नाही. मन घट्ट करून वगळला.

१४ डिसेंबर

आज चिकाडीची रात्र लिहिली. वल्गुलीच्या कुळातला हा पक्षी, वजन ११ ग्रॅमच्या आसपास. त्याच्या वाट्याला लहान दिवस आणि लांब रात्र येते.

संध्याकाळपर्यंत त्यानं चरबी साठवलेली असते, एका रात्रीपुरती. मग तो झाडाच्या ढोलीत किंवा दाट फांदीत शिरतो, पिसं फुलवतो, चोच पिसांत खुपसतो. पिसांत धरलेली हवा त्याचं घर. दिवसा ४२ अंश असलेलं शरीराचं तापमान तो १० ते १२ अंशांनी उतरवतो. यानं खर्च घटतो, पण जोखीम वाढते, कारण गार झालेला पक्षी चटकन उडू शकत नाही. उरलेली ऊब छातीच्या स्नायूंच्या थरथरण्यातून येते. तो रात्रभर थरथरतो. पहाटेला चरबी जवळजवळ संपलेली असते आणि उजाडताच त्याला शोधत निघावं लागतं. कोळ्यांची अंडी, सुप्त कीटक, शरदात लपवलेल्या बिया. एक दिवस वादळात वाया गेला तर पुढची रात्र निघेलच असं नाही.

त्याच्याबरोबर थव्यात हिंडणारा सोनेरी मुकुटाचा किंगलेट तर पाच-सहा ग्रॅमचा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलांत जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी दाखवलं की हे पक्षी रात्री एका फांदीवर दोन-चार मिळून अंगाला अंग भिडवून झोपतात आणि दिवसा डहाळ्यांवर गोठलेले लहान सुरवंट टिपतात. गोठूनही जिवंत असलेला सुरवंट आणि त्याच्यावर जगणारा इतका गरम रक्ताचा जीव एकाच डहाळीवर. फलकात हे दोघे एकमेकांपासून एका बोटाच्या अंतरावर काढले आहेत.

बदकाच्या पायाचं वर्तुळ आज पूर्ण झालं. बर्फावर उभ्या असलेल्या बदकाच्या पायात खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला लागून वाहतं आणि वाटेतच आपली ऊब त्याला देऊन टाकतं. पावलांपर्यंत पोचणारं रक्त जेमतेम गोठणबिंदूच्या वर असतं. गार पावलांतून हवेत आणि बर्फात गमवायला ऊब फारशी उरत नाही. लाल आणि निळ्या रंगाच्या छटा एकमेकींच्या शेजारी उलट दिशेनं फिक्या होत जायला हव्या होत्या. ते तिला नेमकं जमलं.

२८ डिसेंबर

चिचुंद्री. झोपत नाही, चरबी साठवत नाही, दर दोन-तीन तासांनी खावंच लागतं. तिची युक्ती अशी की ती हिवाळ्यासाठी स्वतः लहान होते. पोलंडचे ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ साली हे नोंदवलं. २०१७ साली त्याच त्या चिचुंद्र्या पुन्हा पुन्हा पकडून क्ष-किरणांनी मोजल्या, तेव्हा कवटी हिवाळ्यापर्यंत सरासरी सुमारे १५ टक्के आक्रसते आणि वसंतात काही अंशी परत वाढते, असं दिसलं. मेंदूही घटतो. छोटं शरीर, कमी खर्च.

दोन कवट्या शेजारी-शेजारी, खऱ्या प्रमाणात. बास.

११ जानेवारी

मथळा बदलला. आता फलकावर मोठ्या अक्षरांत असेल: ‘हिवाळा स्थिर असायला हवा’.

कारणं साठतच गेली होती. गोल्डनरॉड या रानफुलाच्या देठावर गाठी करणारी एक माशी असते. तिची अळी गाठीत गोठून हिवाळा काढते, शरीरात ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉल भरून. थंडी सौम्य असली की ती अळी अधिक वेगानं जगते, साठा जाळते आणि वसंतात कमी अंडी घालण्याजोगी माशी होते. अलास्काच्या आग्नेय भागात आणि ब्रिटिश कोलंबियात पिवळा सीडर मोठ्या प्रमाणावर मेला. हिवाळे उबदार झाले, हिम कमी पडलं, उथळ मुळं उघडी राहिली आणि वसंताच्या तोंडावर आलेल्या थंडीच्या लाटेत ती गोठली. उबदार होत चाललेल्या हवामानात थंडीनं मेलेलं झाड! न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक इथल्या प्रायोगिक जंगलात मुद्दाम हिम उपसून पाहिलं, तेव्हाही जमीन खोल गोठली आणि शुगर मेपलच्या बारीक मुळांना इजा झाली.

हिमावर पाऊस पडणं ही सर्वांत वाईट गोष्ट. पाणी झिरपतं, गोठतं आणि कडक कवच बनतं. रेनडियरला दगडफूल खालून उकरून काढता येत नाही, व्होलच्या पोकळीत पाणी शिरतं, हिमात बुडी मारून रात्र काढणाऱ्या ग्राउस पक्ष्याला आत शिरता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सायबेरियाच्या यामाल द्वीपकल्पावर असा पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडियर उपाशी मेले. तिथलं तापमान विक्रमी खाली गेलं नव्हतं. अन्न समोर होतं, पण बर्फाखाली बंद.

हिमसशाचं दुखणं आणखी वेगळं. तो दिवसाच्या लांबीनुसार पांढरा होतो, हिम आलं की नाही हे पाहून नाही. हिम उशिरा आलं की तपकिरी जमिनीवर पांढरा ससा उठून दिसतो. मोन्टानात रेडिओ-पट्टे बांधून केलेल्या अभ्यासात, रंग पूर्ण विसंगत असेल तर सशाची आठवड्याला जगण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी घटते, असं आढळलं.

मैत्रिणीचं म्हणणं, उजवी कडा जर अशी काळवंडली तर मुलं घाबरतील. मी म्हटलं, मुलांना मेलेले प्राणी दाखवायचे नाहीत, कवच दाखवायचं. शेवटी हिमाच्या पट्टीत उजवीकडे एक करडी चकाकती रेघ आली, तिच्यावर खुरांचे ओरखडे, आणि रेनडियरची मान खाली घातलेली. एवढ्यावर आम्ही दोघी राजी झालो.

२५ जानेवारी

तळ्याचा तळ राहिला होता. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे तेच तळाशी बसतं आणि वर बर्फ तरंगतो. तळाच्या जिवांना गोठण्याची भीती नाही, भीती गुदमरण्याची. बर्फावर दाट हिम साचलं की उजेड तुटतो, पाणवनस्पती प्राणवायू करेनाशा होतात. वरच्या व्होलला तारणारं हिम खालच्या माशाच्या जिवावर उठतं, हे या उभ्या छेदातच दिसू शकतं.

रंगीत कासव गार पाण्यात प्राणवायूशिवाय शंभराहून अधिक दिवस तग धरतं. स्नायूंत साचणारं आम्ल ते आपल्या कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटनं सौम्य करतं. क्रूशियन कार्प मासा आम्ल साचूच देत नाही. त्याचं मद्यार्कात रूपांतर करतो आणि कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. दोघांना शेजारी जागा दिली.

८ फेब्रुवारी

छपाईपूर्वीचे शेवटचे फेरफार.

फेब्रुवारीचा पट्टा डिसेंबरपेक्षा गडद करून घेतला, जरी दिवस मोठे होत असले तरी. या महिन्यात साठे तळाला गेलेले असतात. हरणाची चरबी संपत आलेली, ग्राउस रोज तेच भूर्जाचे कोंब आणि कळ्या खातोय. हिमातल्या बिळातून त्याला एकदा उठवलं तर त्या दिवसाची बचत उधळली जाते. आल्प्समधल्या काळ्या ग्राउसवरच्या अभ्यासात स्की करणाऱ्यांच्या वाटांलगत राहणाऱ्या पक्ष्यांत ताणाची संप्रेरकं जास्त आढळली आहेत. ‘वाट सोडू नका’ ही पाटी चित्रातल्या पायवाटेवरच लावली.

उभं वाळलेलं झाड मधोमध हलवलं. आधी ते कोपऱ्यात होतं. सुतार पक्ष्यानं पाडलेल्या ढोल्या चिकाडीला, उडत्या खारींना, कीटकांना हिवाळ्यात आसरा देतात. असं झाड तोडून ‘स्वच्छ’ केलेलं जंगल त्यांना राहण्याजोगं उरत नाही, म्हणून हे झाड दूरवरूनही दिसायला हवं.

शेंड्याची जागा अजून मोकळी होती. तिथे क्रॉसबिलचं, म्हणजे चोचीची टोकं एकमेकांवर आडवी येणाऱ्या पक्ष्याचं, घरटं येईल. स्प्रूसला शंकू-फळं भरपूर आली असतील तर हा पक्षी याच दिवसांत, सभोवार हिम असताना, अंडी घालतो. मादी घरटं सोडत नाही, नर तिला बी आणून भरवतो. घरटं खोडाच्या जवळ, दाट फांदीच्या आडोशाला काढायचं, वरच्या फांदीवर हिम. नर विटकरी लाल, मादी पिवळट हिरवी. पिल्लांच्या चोची सरळच ठेवायच्या. त्या पुढे, घरट्याबाहेर पडल्यावर वळतात.